फुक्सचा पहिला क्लब कुठे गेला?

प्रति,
संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या क्रीडा पानावर इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या लेस्टर सिटी या फुटबॉल क्लबच्या २०१६ च्या विजेतेपदाची आठवण सांगणारा लेख वाचला. वार्डी, महरेझ, कांटे यांच्यावर लेखकाने मनापासून लिहिले आहे आणि ते वाचताना आनंदही झाला. मात्र डाव्या बगलेवर वर्षभर राबलेल्या ख्रिस्तियान फुक्सची बोळवण 'शाल्केकडून आलेला ऑस्ट्रियन' एवढ्या तीन शब्दांत झाली. तो जर्मनीतल्या शाल्केकडून आला हे खरेच. त्याआधी तो जर्मनीतल्याच माइंझकडून खेळला, त्याआधी बोखुमकडून आणि त्याही आधी, सतरा वर्षांचा असल्यापासून बावीस वर्षांचा होईपर्यंत, ऑस्ट्रियातल्या माटर्सबुर्गकडून. जेमतेम सात हजार वस्तीच्या गावातला हा क्लब ऑस्ट्रियाच्या सर्वोच्च लीगमध्ये खेळत होता. आज तो क्लब नाही. २०२० च्या ऑगस्टमध्ये तो बंद पडला. का बंद पडला, हे आपल्या वाचकांना कळावे म्हणून हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे, पण कृपा करून त्याला कात्री लावू नये.

मी सहकार खात्यात एकतीस वर्षे लेखापरीक्षक म्हणून काम केले. सोसायट्या, पतसंस्था, दूध संस्था, नागरी बँका यांच्या कीर्दी-खतावण्या तपासण्यात माझे आयुष्य गेले. फुटबॉलशी माझा काडीचाही संबंध नव्हता. मुलगी आणि जावई नोकरीनिमित्त व्हिएन्नाच्या दक्षिणेला विनर नॉयश्टाट या शहरात राहायला गेले आणि नात तिथल्या शाळेतून आली की पायातले बूट बदलून सरळ मैदानावर पळू लागली. तिच्यामुळे मला ऑफसाइड कळला, मैदानाच्या कडेला उभे राहून ओरडायचे कसे तेही कळले. २०१९ च्या वसंतात मी दोन महिने त्यांच्याकडे होते. एका शनिवारी नात म्हणाली, "आजी, खरी मॅच बघायला चल."

विनर नॉयश्टाटहून माटर्सबुर्गला जाणारी गाडी दोन-तीन डब्यांची. थोड्याच वेळात शेते लागतात, मग रोझालियाच्या टेकड्यांच्या कुशीतली द्राक्षाची आणि स्ट्रॉबेरीची रानं दिसू लागतात. गावाजवळ आली की गाडी एका उंच दगडी पुलावर चढते. हा कमानींचा पूल १८४७ सालचा, पुढे हंगेरीतल्या शोप्रोनला जाणाऱ्या मार्गावरचा. गाव या पुलाच्या पायाशी पसरलेले. वरून कौलारू छपरे, चर्चचा मनोरा दिसला आणि नातीने बोट दाखवले म्हणून मैदानाचे दिव्यांचे खांब दिसले. मी तिला विचारले, "एवढ्या गावाला एवढं मोठं स्टेडियम?" नातीला त्यात विशेष काही वाटले नाही. मला मात्र ती गोष्ट लागून राहिली. पंधरा हजारांच्या वर माणसे मावतील एवढे ते स्टेडियम आणि गावची वस्ती त्याच्या निम्मी. खातेवहीत एखादा आकडा जागेवर नाही असे वाटले की बोट तिथेच थांबते, तशी माझी नजर त्या खांबांवर थांबली. तेव्हा मी तो विचार झटकून टाकला. सुट्टीवर होते.

स्टेडियमचे नाव पापेलश्टाडियन, म्हणजे पॉपलरच्या झाडांचे मैदान. पाहुणा संघ होता व्हिएन्नाचा रॅपिड. त्या मोसमात ऑस्ट्रियाच्या लीगने नवी पद्धत आणली होती. बावीस फेऱ्या झाल्या की बारा संघांचे वरचे सहा आणि खालचे सहा असे दोन गट पाडायचे आणि सगळ्यांचे गुण निम्मे करायचे. रॅपिडसारखा मातब्बर क्लब त्या वर्षी खालच्या सहांत अडकला होता, म्हणून वसंतात त्याला माटर्सबुर्गच्या दारात यावे लागले. रॅपिडचा रंग हिरवा-पांढरा आणि माटर्सबुर्गचाही हिरवा-पांढरा. त्यामुळे सगळे मैदान एकाच रंगाचे दिसत होते. कोण कुठला, ते नुसत्या आरोळ्यांवरून ओळखायचे. व्हिएन्नाहून आलेल्या पोरांचा गलका मोठा, ढोल मोठे. गावकरी त्या मानाने शांत. चेंडू आपल्या संघाकडे आला की ते सगळे एकदम पुढे सरकून बसायचे आणि गेला की पुन्हा पाठ टेकायचे.

माझ्या शेजारी सत्तरीपुढचे एक गृहस्थ बसले होते. मांडीवर चौकटींच्या कागदाची वही आणि तिला दोऱ्याने बांधलेली आखूड पेन्सिल. गोल झाला, बदली खेळाडू आला, पिवळे कार्ड निघाले की ते मनगटावरच्या घड्याळात बघून मिनिट लिहायचे आणि पुढे खेळाडूच्या नावाची पहिली दोन अक्षरे. पानाच्या डाव्या कडेला उभी रेघ आखलेली होती, आमच्या खतावणीत असते तशी. मी त्या वहीकडे बघते आहे हे त्यांच्या लक्षात आले. मुलीने दुभाष्याचे काम केले. क्लब पहिल्यांदा वरच्या लीगमध्ये चढला ते वर्ष २००३. तेव्हापासूनचा घरच्या मैदानावरचा प्रत्येक सामना त्यांनी असा लिहून ठेवला होता. वह्या घरी कपाटात. त्यांनी मागची पाने उलटून दाखवली. एकाही पानावर खाडाखोड नव्हती. संपादक महोदय, एकतीस वर्षांत इतकी स्वच्छ वही मी क्वचितच तपासली असेल.

त्यांच्याकडून आणि नंतर मुलीने वाचून दाखवलेल्या मजकुरातून क्लबची हकिगत कळली. हा बुर्गेनलांड प्रांत १९२१ पर्यंत हंगेरीत होता, त्या वर्षी तो ऑस्ट्रियाला जोडला गेला आणि लगेच पुढच्या वर्षी, १९२२ साली, हा क्लब निघाला. तेव्हा गावाचे नावही माटर्सबुर्ग नव्हते, माटर्सडोर्फ होते. पुढे साठ-सत्तर वर्षे क्लब खालच्या लीगमध्ये सुखाने खेळला. १९८८ मध्ये मार्टिन पुखर हे त्याचे अध्यक्ष झाले. पेशाने ते बँकवाले. १९९५ मध्ये रायफायझन या सहकारी बँकांच्या जाळ्यातून बाहेर पडून कॉमर्शियलबँक माटर्सबुर्ग ही स्वतंत्र बँक उभी राहिली, तिचेही प्रमुख तेच. क्लब एकेक पायरी चढत गेला आणि २००३ मध्ये सर्वोच्च लीगमध्ये पोहोचला. स्पेनमध्ये रेआल सोसिएदादकडून आणि जर्मनीत वोल्फ्सबुर्गकडून खेळून आलेला डिडी क्यूबाउअर हा बुर्गेनलांडचाच, तो घरी परतून या संघात खेळला. बायर्न म्युनिकचा धिप्पाड आघाडीवीर कार्स्टेन यांकर इथे आला. शेजारच्या पिटेन गावचा पोरगा फुक्स इथेच घडला. २००६ आणि २००७ अशी लागोपाठ दोन वर्षे हा संघ ऑस्ट्रियन चषकाच्या अंतिम सामन्यात पोहोचला. दोन्ही वेळा व्हिएन्नाच्या ऑस्ट्रिया क्लबकडून हरला, पण २००७ मध्ये लीगमध्ये तिसरा आला. युरोपातल्या क्लबांच्या युएफा कपमध्ये खेळला. गावाने हे सगळे डोळ्यांनी पाहिले. २०१३ मध्ये संघ खाली गेला तरी लोक मैदानावर येतच राहिले आणि २०१५ मध्ये तो पुन्हा वर आला. पुखर २००५ ते २००९ या काळात सबंध ऑस्ट्रियन बुंडेसलिगाचेही, म्हणजे सर्वोच्च लीगचेही, अध्यक्ष होते. छोट्या क्लबने कसे चालावे याचा दाखला द्यायचा तर लोक माटर्सबुर्गचे नाव घेत, इतके त्याचे नाव झाले होते.

मध्यंतरात वहीवाल्या आजोबांनी मला कागदाच्या पुडीतले भोपळ्याचे भाजलेले बी दिले. निघताना नातीने हिरवा-पांढरा मफलर घ्यायला लावला. तो अजून माझ्याकडे आहे.

पुढच्या वर्षी जुलैत, कोरोनाच्या दिवसांत, मुलीचा फोन आला. "आई, त्या मॅचच्या गावातली बँक बुडाली." १४ जुलै २०२० च्या रात्री ऑस्ट्रियाच्या वित्तीय देखरेख संस्थेने बँकेचे कामकाज बंद करायला लावले होते. पुखर यांनी सगळी पदे सोडली आणि घोटाळ्याची स्वतःहून कबुली दिली. महिना संपायच्या आत बँकेची दिवाळखोरी जाहीर झाली आणि ५ ऑगस्टला क्लबने दिवाळखोरीचा अर्ज दिला. स्थापना १९२२, शेवट २०२०. शंभरीला दोनच वर्षे उरली होती.

आता माझ्या कामाचा भाग सांगते, कारण क्रीडा पानावर तो सहसा येत नाही.

त्या बँकेच्या ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला दोन मोठ्या रकमा होत्या. एक, दिलेली कर्जे. दुसरी, इतर बँकांत ठेवलेल्या ठेवी. कर्जांपैकी बरीच कर्जे कागदावरचीच होती. ज्यांच्या नावावर ती होती त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. अशा कर्जांवर व्याज आल्याचे दाखवायचे, ते उत्पन्नात धरायचे आणि बँक नफ्यात आहे असे चित्र उभे करायचे. बोगस कर्ज जुने झाले की दुसरे बोगस कर्ज काढून ते फेडल्याचे दाखवायचे, हा आपल्याकडेही जुना प्रकार आहे. पण सगळे कर्जातच लपवता येत नाही. म्हणून उरलेला खड्डा बुजवायला इतर बँकांतल्या ठेवी दाखवल्या गेल्या. त्या बँका खऱ्या होत्या. त्यांच्यातल्या ठेवी मात्र अस्तित्वातच नव्हत्या, आणि शिल्लक दाखले बनावट होते.

हे उघडकीस कसे आले? २०२० च्या तपासणीत ऑस्ट्रियाच्या मध्यवर्ती बँकेच्या लोकांनी त्या इतर बँकांना थेट विचारले: या बँकेची तुमच्याकडे अमुक इतकी ठेव आहे का? उत्तर आले की नाही. एवढ्या एका प्रश्नाने गेल्या कित्येक वर्षांचे सगळे कोसळले. २०१५ मध्येही एक तक्रार यंत्रणांकडे पोहोचली होती. तेव्हा तपासणी झाली, पण हाती काही लागले नाही. त्या पाच वर्षांत आणखी किती लोकांनी त्या बँकेत पैसे ठेवले असतील, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

ऑस्ट्रियात माणशी एक लाख युरोपर्यंतच्या ठेवींना विमा आहे. त्या यंत्रणेने साडेतेरा हजारांच्या आसपास ठेवीदारांना मिळून सुमारे ४९ कोटी युरो दिले. म्हणजे सामान्य माणूस वाचला. एक लाखाच्या वरचे पैसे अडकले ते मोठ्या ठेवीदारांचे. व्हिएन्नाच्या फ्रेक्वेंटिस या विमान वाहतुकीची दळणवळण यंत्रणा बनवणाऱ्या एकट्या कंपनीचे ३ कोटी १० लाख युरो त्यात होते. क्लबला मात्र कसला विमा असणार? बँकेचा पैसा वर्षानुवर्षे क्लबकडे वळत होता, असे तपासात पुढे आले. बँक थांबली त्या दिवशी क्लबचा श्वासही थांबला.

थेट विचारणे ही लेखापरीक्षणातली पहिलीच शिकवण आहे. शिल्लक दाखला संस्थेच्या माणसाच्या हातून कधी घ्यायचा नाही. आपण पत्र पाठवायचे आणि उत्तर आपल्या पत्त्यावर आले पाहिजे. हे मला पाठ होते. तरीही मी एकदा तो हातातून घेतला आहे, आणि ते इथे लिहिल्याशिवाय मला माटर्सबुर्गबद्दल बोलायचा अधिकार नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. एका तालुक्याच्या गावातली पतसंस्था माझ्याकडे तपासणीला होती. संस्थेचे नाव मोठे, चेअरमन गावचा लाडका. कबड्डीच्या मंडळाला मॅट, पोरांना गणवेश, दरवर्षी दिवाळीनंतर तीन दिवसांच्या स्पर्धा, सगळा खर्च त्यांच्याकडून. त्या वर्षी माझी तपासणी आणि स्पर्धा एकाच आठवड्यात आल्या. अंतिम सामन्याला मला व्यासपीठावर बसवले. शाल, श्रीफळ दिले. 'ऑडिटर मॅडम आपल्या गावाला लाभल्या' म्हणून माइकवरून सांगितले. समोर मैदानाच्या कडेने पाच-सहा हजार माणसे बसली होती, बायका घरांच्या गच्चीवरून बघत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सचिवांनी जिल्ह्याच्या ठिकाणच्या बँकेतल्या मुदत ठेवींचा शिल्लक दाखला माझ्या टेबलावर ठेवला. बँकेचे पत्र, गोल शिक्का, सही. "मॅडम, तुमची धावपळ नको म्हणून मीच आणला." मी तो फाइलला लावला. तेरीज, म्हणजे खात्यांच्या शिलकांची बेरीज, जुळली. मी संस्थेला 'अ' वर्ग दिला.

दीड वर्षाने ठेवी परत मिळेनात म्हणून लोक दारात जमले. चाचणी लेखापरीक्षणाला दुसरे अधिकारी गेले आणि त्यांनी बँकेला थेट पत्र टाकले. तशी ठेवच नव्हती. अपहाराचे प्रकरण झाले, सहकार कायद्याच्या कलम ८८ खाली नुकसानीची चौकशी झाली, वसुलीचे आदेश निघाले. तोवर वर्षे गेली होती. एक निवृत्त शिक्षिका मला एसटी स्टँडवर भेटल्या. त्यांची निवृत्तीची सगळी पुंजी त्या संस्थेत होती. मला दोष देणारा एक शब्दही त्या बोलल्या नाहीत. "तुम्ही 'अ' वर्ग दिला होता म्हणून ठेवले हो," एवढेच म्हणाल्या. आणि त्या मैदानावरचे कबड्डीचे सामने बंद झाले. मॅट पंचनाम्यात गेली. सकाळी पाचला उठून दंडबैठका मारणारी ती पोरे कुठे गेली, ते कुणी विचारले नाही. ती शाल मी कधी अंगावर घेतली नाही, टाकलीही नाही.

म्हणून मुलीचा फोन आला तेव्हा मला पहिल्यांदा आठवले ते वहीवाले आजोबा. त्यांचे पैसे कुठे होते मला माहीत नाही. पण सतरा वर्षे दर मिनिटाचा हिशेब लिहिणारा माणूस ज्या मैदानावर बसत होता, त्या मैदानाचाच हिशेब कुणी सरळ तपासला नव्हता. ऑस्ट्रियात व्यावसायिक क्लबला दर मोसमाला परवाना घ्यावा लागतो आणि त्यासाठी आर्थिक कागद दाखवावे लागतात. माटर्सबुर्गला परवाना मिळत होता. मिळणारच. प्रायोजक, म्हणजे हीच बँक, ठरल्या वेळी पैसे देत होता, पगार थकत नव्हते. प्रायोजकाकडे पैसा कुठून येतो, हा प्रश्न विचारण्याची जागा त्या अर्जात नसावी. आपल्याकडेही ती कुठे असते?

काहीजण म्हणतील, आणि माटर्सबुर्गमध्येही म्हणत असतील, की पुखर नसते तर गावाने रॅपिडला आपल्या दारात कधी पाहिले असते? फुक्स कुठे घडला असता? या म्हणण्यात तथ्य आहे, मी ते उडवून लावत नाही. त्या मैदानावर मला जे दिसले ते खोटे नव्हते. खेळाडूंचा घाम खरा होता, लोकांची माया खरी होती. बुर्गेनलांडची फुटबॉल अकादमीही याच गावात उभी राहिली आणि तिथून पोरे शिकून बाहेर पडली. पण खऱ्या मायेखाली खोट्या ठेवी ठेवल्या की पहिला फटका त्या मायेलाच बसतो. चांगल्या कामाला लागला म्हणून चोरीचा पैसा चांगला होत नाही, असे आमचे जुने साहेब म्हणत. मी त्यात भर घालीन, की अशा पैशाने चांगले कामही उसने होते आणि एक दिवस ते परत द्यावे लागते.

छोट्या गावाने मोठ्या लीगमध्ये खेळूच नये, असे मला म्हणायचे नाही. उलट ऑस्ट्रियाची गंमत त्यातच आहे. माटर्सबुर्ग बंद पडला त्या मोसमात तिरोलमधल्या वाटेन्सचा डब्ल्यूएसजी हा क्लब बाराव्या, म्हणजे शेवटच्या जागेवर होता. तो खाली जायचा, पण जागा रिकामी झाल्याने राहिला. वाटेन्सही सात-आठ हजारांचेच. तिथे स्वारोव्स्कीचा स्फटिकांचा कारखाना आहे आणि क्लब मुळात कारखान्याच्या कामगारांचा. साल्झबुर्गजवळच्या ग्रोडिगचे उदाहरण मला जास्त जवळचे वाटते. हे गावही एवढेच. २०१३ मध्ये वर आले, पहिल्याच मोसमात तिसरे आले, युरोपच्या पात्रता फेरीत खेळले. २०१६ मध्ये खाली घसरल्यावर त्यांनी व्यावसायिक फुटबॉल थांबवून आणखी खालच्या लीगमध्ये जायचे ठरवले. झेपत नाही हे उघडपणे सांगून मागे येणे याला मोठे धैर्य लागते. वर्तमानपत्रांत त्याला जागा मिळत नाही, ही वेगळी गोष्ट. ग्रोडिगचे मैदान आजही चालू आहे, पोरे खेळतात.

आणि २०२५ च्या १ मे रोजी, आपल्याकडे महाराष्ट्र दिन होता त्या दिवशी, क्लागेनफुर्टला ऑस्ट्रियन चषकाचा अंतिम सामना झाला तो दोन छोट्या गावांमध्ये. एकीकडे पंचवीस हजार वस्तीचे वोल्फ्सबेर्ग आणि दुसरीकडे त्याहून कितीतरी लहान हार्टबेर्ग. वोल्फ्सबेर्ग एक-शून्यने जिंकले. इतिहासातला त्यांचा हा पहिलाच चषक. याच क्लबने २०१९ मध्ये जर्मनीत जाऊन बोरुसिया म्योन्शेनग्लाडबाखला चार-शून्यने हरवले होते आणि त्यांचे स्वतःचे मैदान युएफा या युरोपच्या फुटबॉल महासंघाच्या नियमांत बसत नसल्याने युरोपातले घरचे सामने त्यांना शेजारच्या शहरात जाऊन खेळावे लागत होते. अंतिम सामन्यात वोल्फ्सबेर्गचा प्रशिक्षक कोण होता? डिडी क्यूबाउअर. दोन वेळा माटर्सबुर्गच्या संघात असताना जो चषक हातून गेला, तो अठरा वर्षांनी दुसऱ्या एका छोट्या गावाकडून त्याच्या हाती आला. मी मोबाइलवर त्याचा चेहरा बघत होते. पलीकडे फोनवर नात ओरडत होती. माझ्या मनात मात्र तो हिरवा-पांढरा मफलर होता.

संपादक महोदय, माझी विनंती साधी आहे. आपल्या क्रीडा पानावर जिल्ह्यातल्या कबड्डी, खो-खो, फुटबॉल, कुस्तीच्या स्पर्धांच्या बातम्या येतात. लाखाचे बक्षीस, चांदीची गदा, मोटारसायकल, आणि बाजूला देणाऱ्याचा फोटो. कोणी कुणाला किती दिले हे आपण छापताच. कुठून दिले, हेही आपल्या बातमीदाराने एकदा विचारावे. स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाचा जमाखर्च छापावा. दोन इंच जागा पुरे. प्रायोजक संस्था ठेवी घेणारी असेल तर तिचा लेखापरीक्षण अहवाल कधीचा आहे आणि कोणता वर्ग मिळाला आहे, हेही द्यावे. मंडळे कुरकुरतील. जाहिराती जातील अशी भीती आपल्याला वाटेल, ती मी समजू शकते. पण मैदानात बसलेल्या माणसाला हे कळण्याचा मार्ग आपल्याशिवाय दुसरा नाही. एखाद्या संस्थेवर विनाकारण संशय घ्या असे मी म्हणत नाही. तपासणे म्हणजे संशय घेणे नव्हे. हिशेब चोख असलेल्या संस्थेला उलट मान मिळेल. मी तपासलेल्या दहांपैकी नऊ संस्था प्रामाणिक माणसे चालवत होती, त्यांना कुणी कधी शाल दिली नाही.

माटर्सबुर्गमध्ये आता नवा क्लब उभा राहिला आहे. त्याच्या नावातच २०२० हे साल आहे. अगदी खालच्या लीगपासून त्यांनी सुरुवात केली. मुलगी एकदा गाडीने जाताना पुलावरून खाली बघत होती, तेव्हा तिला पोरे खेळताना दिसली. वहीवाले आजोबा पुन्हा भेटले नाहीत.

आमच्या गल्लीतल्या मंडळाचे कबड्डीचे सामने या डिसेंबरात आहेत. परवा दोन मुले पावतीपुस्तक घेऊन आली. मी पाचशे एक रुपये दिले आणि गेल्या वर्षीचा जमाखर्च दाखवायला सांगितला. मोठा मुलगा गोंधळला, धाकट्याकडे बघितले, मग म्हणाला, "आजी, सचिव काकांना विचारून सांगतो." मला वाटले नव्हते, पण रविवारी सकाळी तो वही घेऊन आला. मी चष्मा लावून ओसरीवर बसले आणि तो शेजारी बसून राहिला. बेरजा बरोबर आहेत. मंडपवाल्याची दोन बिले जोडलेली नाहीत, एक साडेचार हजारांचे आणि एक बावीसशेचे. ती आणून दाखवायला सांगितली आहेत.

आपली विश्वासू,
एक निवृत्त लेखापरीक्षक (सहकार), कराड